टक्कर टाळण्याची कथा आणि सात मिनिटांचं गणित

तुमच्या कथेचा आराखडा वाचला. दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह अचानक सापडतो, टकरीला तीन आठवडे उरलेले असतात, घाईघाईने एक यान सुटतं, त्यातले दोघे अंतराळवीर लघुग्रहावर उतरून अण्वस्त्र ठेवतात आणि शेवटच्या तासात त्याच्या ठिकऱ्या उडतात. वाचून पाहणाऱ्या मित्रांना हे पटलं नाही, पण विज्ञान काटेकोर केलं तर थरार निघून जाईल अशी तुम्हाला धास्ती वाटते. लघुग्रहांच्या कक्षांचं गणित हे माझं अनेक वर्षांचं काम, आणि या विषयावरच्या कथांची हस्तलिखितं तपासायला येतात तीही मी आवडीने वाचते. थरार जाणार नाही, त्याची जागा बदलेल. या विषयातला खरा ताण टकरीच्या काही वर्षं आधी असतो. तेव्हा धोका शंभरात दोन-तीन एवढाच दिसत असतो आणि तरीही निर्णय घ्यावा लागतो, कारण खात्री होईपर्यंत थांबलं तर उपाय हातातून गेलेला असतो. कथा या पेचावर उभी करा.

आधी थोडं गणित सांगते, कारण नाट्य त्यातूनच निघतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि तिचा व्यास आहे १२,७४२ किलोमीटर. स्वतःच्या रुंदीएवढं अंतर ती साधारण सात मिनिटांत पार करते. लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला छेदत असली, तरी दोघं त्या छेदाच्या जागी याच काही मिनिटांत एकत्र आले तरच टक्कर होते. रेल्वेच्या फाटकासारखं आहे हे. गाडीला रुळावरून हटवावं लागत नाही, ती फाटकात थोडी उशिरा पोचली की झालं. पृथ्वीच्या अगदी मध्यावर नेम धरून येणारा लघुग्रह चार-पाच मिनिटं उशिरा किंवा लवकर आला, तर तो पृथ्वीला चुकवून निघून जातो. या आकड्यात पृथ्वीच्या गुरुत्वाची ओढही धरली आहे.

म्हणून लघुग्रहाला आडवं ढकलण्याचं दृश्य कथेत आणू नका. आडव्या धक्क्याने तो जुन्या वाटेच्या अल्याड-पल्याड थोडा झुलतो, बाकी फारसं काही होत नाही. धक्का द्यायचा तो त्याच्या गतीच्या दिशेने किंवा गतीच्या विरुद्ध. त्याने सूर्याभोवतीच्या फेरीचा काळ किंचित बदलतो आणि तो फरक दर फेरीला साठत जातो. वेगात सेकंदाला फक्त १ सेंटिमीटरचा बदल टकरीच्या दहा वर्षं आधी घडवला, तर लघुग्रह ठरल्या जागेपासून नऊ हजार किलोमीटरहून अधिक पुढे किंवा मागे जातो. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. काम झालं. पृथ्वी चुकवण्याचं हेच काम तीन आठवडे आधी करायचं तर वेगात सेकंदाला किमान चार मीटरचा बदल लागतो, म्हणजे चारशेपट. आणि तुमचा दहा किलोमीटरचा लघुग्रह सव्वा लाख कोटी टनांच्या घरात जातो. एवढ्या वस्तुमानाला तीन आठवड्यांत वळवेल असं काहीही माणसाकडे नाही. शेवटच्या तासात ठिकऱ्या उडवल्या तरी वस्तुमान तेवढंच राहतं आणि ते सगळं तसंच पृथ्वीवर येतं. एका ठिकाणी पडण्याऐवजी ते अर्ध्या पृथ्वीच्या वातावरणात जळतं आणि आकाश भट्टीसारखं तापतं. तुमच्या मित्रांना कदाचित हे आकडे माहीत नसतील, पण इतकं मोठं संकट इतक्या थोड्या वेळात टळणं त्यांना खोटं वाटलं, ते बरोबरच वाटलं.

आकार बदला. दहा किलोमीटरची वस्तू निवडण्यामागचा मोह समजतो. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरांचा काळ संपवणारी आणि मेक्सिकोतल्या चिकशुलूबचं सुमारे १८० किलोमीटरचं विवर पाडणारी वस्तू तेवढीच होती. पण पृथ्वीच्या आसपास फिरणारे एक किलोमीटरहून मोठे लघुग्रह आपण जवळपास ९५ टक्के शोधले आहेत, आणि दहा किलोमीटरचा एखादा त्यांच्यात लपून राहील हे शक्य कोटीतलं वाटत नाही. एवढं मोठं काही अनपेक्षित यायचंच असेल, तर तो सूर्यमालेच्या बाहेरच्या टोकाकडून येणारा दीर्घ आवर्तकाळाचा, म्हणजे सूर्याभोवती एक फेरी घ्यायला फार मोठा काळ लागणारा धूमकेतू असेल. ३ जानेवारी २०१३ रोजी सापडलेला साइडिंग स्प्रिंग धूमकेतू १९ ऑक्टोबर २०१४ रोजी मंगळापासून सुमारे १,४०,००० किलोमीटरवरून गेला. शोध लागल्यापासून गाठ पडेपर्यंत २२ महिने, आणि वेग सेकंदाला ५६ किलोमीटर. मंगळाच्या जागी पृथ्वी असती तर, एवढ्या एका विचारावर कादंबरी उभी राहील. मात्र धूमकेतूच्या पृष्ठभागातून वायूचे झोत सुटत असतात आणि ते त्याची वाट सतत थोडी थोडी बदलतात. त्यामुळे गणिताची अनिश्चितता लघुग्रहापेक्षा कितीतरी जास्त, आणि पूर्ण वेगळी कथा लिहावी लागेल.

लघुग्रहाचीच कथा हवी असेल तर २५० ते ३०० मीटरचा घ्या. या आकाराचे लघुग्रह अजून बरेच सापडायचे आहेत. १४० मीटरहून मोठे निम्म्याहूनही कमी माहीत आहेत. तीनशे मीटरचा दगड सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने आदळला तर सुमारे १,००० मेगाटन ऊर्जा मोकळी होते. आजवर चाचणी झालेला सर्वांत मोठा अणुबॉम्ब ५० मेगाटनांचा होता, त्याच्या वीसपट. मानवजात संपत नाही, पण एखादा देश उद्ध्वस्त होऊ शकतो. कथेला हे फार सोयीचं आहे. सगळेच मरणार असतील तर मतभेदाला जागा नसते. एकच देश मरणार असेल आणि उपाय दुसऱ्याच देशाकडे असेल, तर प्रत्येक संवादाला धार येते.

आता ज्या भागासाठी मी हे एवढं लांब लिहिते आहे तो भाग. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला एक लघुग्रह दिसला. त्याचं नाव २०२४ वायआर४. सापडला तेव्हा तो पृथ्वीजवळून दोन दिवसांपूर्वीच निघून गेला होता आणि दूर चालला होता. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळू शकतो असं गणितात दिसलं. जानेवारीच्या अखेरीस शक्यता एक टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ३.१ टक्क्यांवर पोचली. टक्करीचा धोका शून्य ते दहा अशा पायऱ्यांत सांगणाऱ्या टोरिनो मापनीवर तो तिसऱ्या पायरीवर होता. पुढच्या आठवडाभरात पृथ्वीचा धोका नगण्य झाला.

ही शक्यता आधी वाढली का? बाहेरच्या माणसाला वाटतं, धोका वाढत होता. तसं नव्हतं. पहिल्या काही रात्रींच्या निरीक्षणांवरून २०३२च्या त्या दिवशी लघुग्रह नेमका कुठे असेल हे सांगता येत नाही. तो असू शकेल अशा जागांचा एक लांबलचक पट्टा मिळतो, आणि पृथ्वी त्या पट्ट्यात कुठेतरी एक ठिपका असते. नवं निरीक्षण आलं की पट्टा दोन्ही टोकांनी आखूड होतो. पृथ्वी अजून आतच असेल तर आखूड पट्ट्यात तिचा वाटा मोठा दिसतो, टक्केवारी चढते. मग एखाद्या रात्रीच्या निरीक्षणाने पट्ट्याचं टोक पृथ्वीच्या अलीकडे येतं आणि आकडा घसरून शून्याजवळ जातो. बहुतेक वेळा असंच होतं. पण ज्या लघुग्रहाची खरोखरच टक्कर होणार असेल, त्याचाही आकडा सुरुवातीला अगदी असाच चढणार. दोन्हींत फरक दिसत नाही. तुमच्या शास्त्रज्ञ पात्राने हे ओळखलेलं असतं आणि पत्रकारांना ते सांगताना तिची जीभ अडखळते, कारण ‘बहुतेक हा आकडा खाली येईल’ हे खरं आहे आणि ‘आला नाही तर वेळ गेलेली असेल’ हेही तितकंच खरं आहे. माझ्या मते सगळ्या कथेत याहून ताणलेला प्रसंग मिळणार नाही.

वायआर४ने आणखी एक गोष्ट दाखवली. तो दूर जात होता, रोज अंधुक होत होता. काही महिन्यांनी फक्त जेम्स वेब दुर्बिणीलाच दिसेल आणि नंतर २०२८पर्यंत कुणालाच दिसणार नाही, हे आधीपासून माहीत होतं. समजा फेब्रुवारीत आकडा खाली आलाच नसता. समजा तो चार टक्क्यांवर अडकला असता आणि लघुग्रह नजरेआड झाला असता. पुन्हा दिसेल तेव्हा टकरीला चारच वर्षं उरलेली, आणि यान बांधून, सोडून, पोचवायला त्यातलीच वर्षं लागणार. मग आत्ता, चार टक्क्यांवर, प्रचंड पैसा ओतून यान बांधायला घ्यायचं की नाही? शंभरातल्या शहाण्णव शक्यतांमध्ये ते यान वाया जाणार आहे. तुमच्या कथेचा मध्य मी इथे ठेवेन. लघुग्रह दिसत नाही, नवी माहिती येत नाही, आणि लोकांना निर्णय घ्यायचाय.

या अंधारात शास्त्रज्ञ काय करतात तेही लिहा, फार सुंदर काम आहे ते. जुन्या दुर्बिणींच्या साठवलेल्या प्रतिमांमध्ये हा लघुग्रह चुकून टिपला गेला आहे का, ते शोधतात. डिसेंबर २००४ मध्ये अपोफिस या सुमारे साडेतीनशे मीटरच्या लघुग्रहाची २०२९ मधली टकरीची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली होती. २७ डिसेंबरला त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या प्रतिमांमध्ये तो सापडला, कक्षा नेमकी कळली आणि २०२९ची टक्कर गणितातून निघाली. आदल्याच दिवशी हिंदी महासागरात त्सुनामी आली होती, जगाचं लक्ष तिथे होतं, आणि ही बातमी फारशी कुणी वाचलीच नाही. (२००४ सालातले ते तीन-चार दिवस कुणीतरी कथेत आणावेत असं मला फार वाटतं.) दुसरी पद्धत याहून विलक्षण. जुलै २०१९ मध्ये २००६ क्यूव्ही८९ हा हरवलेला लघुग्रह शोधायचा होता. त्याची कक्षा धड माहीत नव्हती, पण तो पृथ्वीवर आदळणाऱ्या वाटेवर असेल तर त्या रात्री आकाशात नेमका कुठे दिसेल हे सांगता येत होतं. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने तेवढाच आकाशाचा तुकडा टिपला. तिथे काही नव्हतं. काहीच न दिसणं हाच पुरावा ठरला. तुमच्या कथेत हीच प्रतिमा उलटी आणता येईल: तो तुकडा टिपला आणि तिथे एक ठिपका आहे.

आकडा जाहीर करण्याआधी काय होतं तेही लक्षात घ्या. जगभरची निरीक्षणं अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जमा होतात. त्यावरून नासाची जेपीएल प्रयोगशाळा, युरोपीय अवकाश संस्था आणि इटलीतला एक गट आपापल्या प्रणालींवर स्वतंत्र गणित करतात आणि आकडे ताडून बघतात. एकटा शास्त्रज्ञ, ज्याचं कुणी ऐकत नाही, हे पात्र या क्षेत्रात बसत नाही. निरीक्षणं खुली असतात, हौशी खगोलप्रेमीसुद्धा कक्षा काढू शकतो. लपवालपवीचं कथानक सोडून द्या, त्याची गरजही नाही. सगळ्यांना सगळं माहीत असूनही एकमत होत नाही, हे जास्त अस्वस्थ करणारं आहे.

उपायांबद्दल. यान आदळवून लघुग्रह वळवता येतो हे आता सिद्ध झालं आहे. नासाचं डार्ट यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या खगोलावर सेकंदाला ६ किलोमीटरहून अधिक वेगाने आदळलं. डिमॉर्फस हा डिडिमॉस लघुग्रहाभोवती फिरतो. त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती ११ तास २३ मिनिटांवर आली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानायची असं ठरलं होतं, पडला ३२ मिनिटांचा. यानाच्या धक्क्यापेक्षा उडालेल्या दगडमातीच्या मागे फेकल्या जाण्याने जास्त ढकल मिळाली. एकूण परिणाम यानाच्या स्वतःच्या संवेगाच्या साडेतीनपटीच्या आसपास गेला. तरी डिमॉर्फसच्या वेगातला बदल होता सेकंदाला जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर. तुमच्या तीनशे मीटरच्या लघुग्रहावर तेच यान आदळलं तर बदल अर्धा मिलिमीटरही भरणार नाही. म्हणजे कित्येक पट जड यान हवं, किंवा एकामागून एक अनेक यानं, आणि हाताशी वर्षं.

डार्टच्या शेवटच्या तासाचं वर्णन कुठल्याही कल्पित प्रसंगापेक्षा भारी आहे. यान पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटरवर होतं. संदेश पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतो, त्यामुळे शेवटचे चार तास यानाचं सुकाणू यानावरच्या संगणकाकडे होतं. ज्याच्यावर आदळायचं तो डिमॉर्फस कॅमेऱ्याला वेगळा दिसायला लागला तो टकरीच्या तासभर आधी. तोवर लक्ष्य कसं आहे, अंडाकृती की लांबट, एकसंध की तुकड्यातुकड्यांचं, कुणालाही ठाऊक नव्हतं. नियंत्रण कक्षातली माणसं फक्त बघत होती. तुमच्या नायकाला शेवटच्या क्षणी लाल बटण दाबायला लावू नका. त्याने वर्षभरापूर्वी लिहिलेल्या आज्ञावलीकडे हात बांधून बघत बसायला लावा.

लक्ष्याबद्दलचं हे अज्ञान कथेत पुरेपूर वापरा. जमिनीवरून लघुग्रहाचा फक्त प्रकाश मोजता येतो. तो लहान पण उजळ आहे की मोठा पण काळपट, हे त्यावरून कळत नाही. वायआर४चा पहिला अंदाज ४० ते ९० मीटर होता. व्यासात सव्वादोनपट फरक, म्हणजे वस्तुमानात अकरापटीहून जास्त. ज्याला ढकलायचं त्याचं वजनच माहीत नसताना किती जोरात ढकलायचं हे ठरवायचं असतं. शिवाय अनेक लघुग्रह एकसंध खडक नसतातच, ते गुरुत्वाने सैलसर धरून ठेवलेले दगडांचे ढीग असतात. २० ऑक्टोबर २०२० रोजी ओसायरिस-रेक्स यानाचा हात बेनू लघुग्रहावर टेकला तेव्हा पृष्ठभागाने जवळपास विरोधच केला नाही, हात आत रुतत गेला. अशा ढिगाला धक्का कसा बसेल, तो वळेल की फुटेल, हे पाठवलेलं टेहळणी यान पोचेपर्यंत सांगता येत नाही. त्यामुळे आधी टेहळणी, मग धक्का, हा शहाणपणाचा क्रम. आणि त्या टेहळणीत वर्षं जातात.

अण्वस्त्र वापरायचंच असेल तर ते पेरू नका आणि अंतराळवीरही पाठवू नका. तीनशे मीटरच्या लघुग्रहावर मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या गुरुत्वातून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला १६ सेंटिमीटर असतो, जरा जोरात पाऊल टाकलं की माणूस कायमचा निघून जाईल. वास्तवात विचार होतो तो लघुग्रहापासून काही अंतरावर स्फोट घडवण्याचा. पोकळीत हवा नाही, त्यामुळे धक्क्याची लाट नाही, आवाज नाही, छत्रीसारखा ढग नाही. क्ष-किरणांनी लघुग्रहाच्या एका बाजूचा पातळ थर क्षणात वाफ होऊन उडतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने उरलेला लघुग्रह उलट दिशेला सरकतो. पाहणाऱ्याला एक लखलखाट आणि मग काहीच बदललेलं नाही असा दगड. मला हे दृश्य ठिकऱ्या उडण्यापेक्षा प्रभावी वाटतं. फोडणं हा पर्याय सरसकट चूक नाही. लघुग्रह शंभर मीटरचा असेल आणि एक-दोन महिने असतील, तर जोरात फोडलेले तुकडे पांगून बहुतांश पृथ्वीला चुकवतात. मोठ्या लघुग्रहाचे तुकडे मात्र त्याच्याच गुरुत्वाने पुन्हा गोळा होऊ शकतात. गुरुत्वाच्या ओढीने हळूहळू खेचणारं यान हा तिसरा मार्ग. दहा टनांचं यान तीनशे मीटरच्या लघुग्रहाजवळ वर्षभर तरंगत ठेवलं तर वेगात सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा बदल होतो. आधीच्या धक्क्यानंतर थोडी दुरुस्ती करायला ते उपयोगी, एकट्याने पुरेसं नाही.

अण्वस्त्र आलं की कायदा येतो, आणि तिथे कथेला दुसरा श्वास मिळतो. १९६३च्या करारानुसार अवकाशात अणुस्फोट करण्यावर बंदी आहे आणि १९६७च्या अवकाश करारानुसार अण्वस्त्रं अवकाशात ठेवायला मनाई आहे. ‘लघुग्रहासाठी’ म्हणून एक राष्ट्र अण्वस्त्र अवकाशात नेतं, तेव्हा बाकीच्यांनी ते कोणत्या नजरेने बघायचं?

त्याहून अवघड प्रश्न धक्क्याच्या दिशेचा. धोक्याचा पट्टा पृथ्वीवर एका लांब रेषेसारखा पडतो. वायआर४चा पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचं उत्तर टोक, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा दक्षिण आशियापर्यंत गेला होता. लघुग्रहाला पुढे किंवा मागे ढकलत गेलं की आदळण्याची जागा या रेषेवरून सरकत पृथ्वीच्या कडेकडे जाते आणि मग बाहेर पडते. धक्का पुरेसा बसला नाही तर? जागा मध्येच थांबते, ज्यांना आधी धोका नव्हता अशा लोकांवर. २०१९च्या ग्रहसंरक्षण परिषदेत शास्त्रज्ञांनी एका कल्पित लघुग्रहाचा सराव केला होता. त्यात तो अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरावर येत होता. यानं आदळवून मुख्य भाग वळवला, पण एक तुकडा सुटला आणि तो न्यूयॉर्कच्या दिशेने निघाला. २०२१च्या सरावात मुदत सहाच महिन्यांची ठेवली होती आणि सहभागी तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला की इतक्या वेळात कुठलंही यान उपयोगी पडणार नाही. या सरावांची कागदपत्रं उघड असतात, दर टप्प्यावरची पत्रकं बातमीच्या शैलीत लिहिलेली असतात. या विषयातली सर्वांत प्रामाणिक विज्ञानकथा तिथे लिहिली जाते असं माझं मत आहे. तुम्ही ती वाचाच, आणि त्या पत्रकांमध्ये जे नसतं ते लिहा: त्या रेषेवर कुठेतरी राहणारी बाई, जिच्या गावावरून धोका काढून दुसऱ्याच्या गावावर ठेवला जातोय.

किरकोळ दुरुस्त्या भराभर सांगते. लघुग्रहाला शेपूट किंवा ज्वाळा देऊ नका. वातावरणात शिरेपर्यंत तो काळा, थंड दगड असतो. आठवडाभर आकाशात वाढत जाणारा गोळाही नको. तीनशे मीटरचा लघुग्रह नुसत्या डोळ्यांना अगदी शेवटच्या काही तासांतच दिसेल, तोही सरकत्या चांदणीसारखा. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल तेव्हा हे प्रत्यक्ष बघता येईल. टक्कर त्यात नाही, आणि पुढच्या किमान शंभर वर्षांत त्याचा धोका नाही हे २०२१ मध्ये रडार निरीक्षणांवरून ठरलं आहे. त्यामुळे अपोफिसला खलनायक करू नका, वाचकांना ते माहीत असतं.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आराखड्यात धक्का बसताच सगळे टाळ्या वाजवतात म्हणून सांगते. धक्का पुरेसा बसला की नाही हे त्या दिवशी कळत नाही. डिमॉर्फस जोडीत फिरत होता म्हणून फेरीचा काळ मोजून दोनेक आठवड्यांत उत्तर जाहीर करता आलं. सूर्याभोवती एकट्या फिरणाऱ्या लघुग्रहाच्या वेगातला मिलिमीटरचा फरक पकडायला सोबत टेहळणी यान तरी हवं, नाहीतर कित्येक महिन्यांची निरीक्षणं. तो अजूनही पट्ट्यात आहे की बाहेर, हा प्रश्न कथेच्या सुरुवातीसारखाच पुन्हा उभा राहतो, फरक इतकाच की आता दुसरं यान नाही. तुमची टाळ्यांची ओळ इथून काढून निदान सहा महिने पुढे न्या.

आणि तीन आठवड्यांची मुदत तुम्हाला सोडवतच नसेल तर ती ठेवा, पण लघुग्रह पन्नास मीटरचा करा आणि वळवण्याचा नाद सोडा. मग कथा लोकांना हलवण्याची होते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटरचा दगड सूर्याच्या दिशेने, कुणालाही आधी न दिसता आला आणि हवेतच फुटला. जवळपास १,५०० माणसं जखमी झाली. बहुतेक जण लखलखाट बघायला खिडकीशी गेले होते आणि मागाहून आलेल्या धक्क्याने काचा त्यांच्यावर फुटल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये सुमारे चार मीटरचा २००८ टीसी३ आदळण्याच्या जेमतेम वीस तास आधी सापडला, आणि एवढ्या वेळातही तो सुदानच्या वाळवंटात कुठे पडेल हे सांगता आलं. तीन आठवडे हातात असले तर पट्टा रोज अरुंद होत जातो. पहिल्या दिवशी त्यात पाच देश असतात, दहाव्या दिवशी एक प्रांत, शेवटच्या दोन दिवशी एक शहर आणि भोवतालची गावं. कुणाला कधी निघायला सांगायचं, चुकीच्या गावाला आधी हलवलं तर दुसऱ्या वेळी ते ऐकेल का, रुग्णालयातल्या लोकांचं काय करायचं, आणि ज्यांना हलवता येत नाही त्यांना काचेपासून लांब, इमारतीच्या आतल्या खोलीत बसायला कसं पटवायचं. यात अण्वस्त्र नाही आणि यानही नाही, पण तुमचे दोन्ही अंतराळवीर इथे जिल्हा अधिकारी आणि कक्षागणिती म्हणून जसेच्या तसे कामाला येतील. त्यांच्यातले तुम्ही लिहिलेले वादही फारसे बदलावे लागणार नाहीत.